गुंडीचा पगार

शेंडेफळाने त्या उन्हाळ्यात स्वतः पैसे कमवायचं ठरवलं. ठरवलं ते चांगलंच केलं, पण गुपचूप ठरवावं की नाही? छे! सुट्टी लागली त्याच संध्याकाळी घरात सांगितलं, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, आणि मैत्रिणींना तर असं सांगितलं की जणू पगाराचं पाकीट खिशातच आहे. आता मागे फिरायची सोय राहिली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरात सगळ्यात धाकटी म्हणून ती शेंडेफळ. तेरा वर्षांची झाली तरी शेंडेफळच. पाहुणे आले की आई म्हणायची, "आणि हे आमचं शेंडेफळ," मग पाहुणे तिचा गाल ओढायचे. गाल ओढून घेण्याचं वय कधी संपतं हे तिला कोणी सांगत नव्हतं. दादाचं तसं नव्हतं. दादाने तेराव्या वर्षी पहाटे उठून पेपर टाकले होते आणि पहिल्या कमाईतून आईला भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. ते अजून चालत होतं. किती वाजले बघायला मान वर करावी, तर घड्याळात दादाच दिसायचा. तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती: एकदा आपली कमाई घरात आणायची, आईच्या हातावर ठेवायची आणि शेंडेफळ हा शब्द घरातून हद्दपार करायचा.

सुरुवात काही झोकात झाली नाही. पेपर टाकायचं काम मिळत होतं, पण पेपर पहाटे टाकतात आणि शेंडेफळाची पहाट आठला व्हायची. मग गाड्या धुवायचं काढलं. पहिलीच गाडी समोरच्या वकिलांची. तिने भरलेली बादली अशी दणक्यात मारली की गाडीची एक काच उघडी आहे हे पाणी आत सीटवर सांडल्यावरच कळलं. त्या दिवशी वकिलांनी कोर्टात एकदाही खुर्ची मागितली नाही, असं दादा आठवडाभर सांगत होता.

"राहू दे गं," आई म्हणाली, "तू आपली चित्रं काढ. छान काढतेस."

म्हणजे झालंच की! चित्रं काढ असं ज्याला सांगतात त्याच्याकडून घराने आशा सोडलेली असते.

अशा वेळी तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर दारात आली. ती मोठ्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून सगळी इमारत तिला सिस्टरच म्हणायची. तिचा नवरा कामासाठी दूरच्या गावी असे, चार वर्षांची मुलगी पाळणाघरात जायची, आणि पाळणाघर नेमकं सुट्टीसाठी बंद झालं होतं.

"माझ्या रजा संपल्यात," ती आईला सांगत होती. "सकाळी सात ते दुपारपर्यंत कोणी सांभाळणारं मिळालं नाही तर ही ड्यूटी सोडावी लागेल. आणि एकदा सोडली की परत मिळत नाही हो, दहा जणी टपलेल्या असतात."

"मी सांभाळते," शेंडेफळ आतून ओरडली. ओरडल्यावर बाहेर आली.

"लहान मुलांचा अनुभव आहे का गं तुला?"

"भरपूर," ती म्हणाली. लहान मूल असण्याचा तेरा वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. आईने काही बोलायला तोंड उघडलं, मग सिस्टरचा दमलेला चेहरा बघून मिटलं. रोज दुपारी घरी आल्यावर सिस्टर हातात पैसे ठेवेल असं ठरलं. दादा म्हणाला, "बिचारं पोर." कोण, ते त्याने सांगितलं नाही.

मुलीचं लाडाचं नाव गुंडी. पहिल्या दिवशी सिस्टर बाहेर पडताच गुंडी टेबलाखाली जाऊन बसली. समोर दुधाचा पेला.

"गुंडी, दूध पी."

"नाही."

"शहाणी मुलगी ना तू?"

"नाही."

प्रामाणिक तरी होती. शेंडेफळाने गाणं म्हटलं, पेल्याचं विमान केलं, आणि आपण स्वतःच दूध पिऊन टाकू अशी धमकी दिली. "पी," गुंडी म्हणाली. तासाभरात शेंडेफळाच्या नाकी नऊ आले. दुधावर साय धरली, ती काढली, परत धरली. दुपारी सिस्टर येईल, भरलेला पेला बघेल, आणि पहिली नोकरी पहिल्याच दिवशी जाईल. दादाला तर ते पुढची दहा वर्षं पुरेल.

मग तिला आपलं लहानपण आठवलं. औषध घे, दादा नाणं देईल. केस विंचरू दे, बाबा नाणं देतील. पाहुण्यांसमोर रडू नको, नाणं मिळेल. मूल वाढवायची एवढी एकच रीत तिने पाहिली होती, कारण ती स्वतः तशीच वाढली होती. त्यातून काय निपजलं ते रोज आरशात दिसत असूनही तिला शंका आली नाही, हे विशेष.

तिने फ्रॉकच्या खिशातून एक नाणं काढून टेबलाखाली धरलं. "दूध प्यायलीस तर हे तुझं."

गुंडीने नाणं घेतलं, दाताने चावून पाहिलं आणि दूध पिऊन पेला उपडा करून दाखवला. एवढं सोपं होतं होय! शेंडेफळाला वाटलं, लोक उगाचच बालसंगोपनावर एवढी जाड पुस्तकं लिहितात.

दुपारी सिस्टर आली. दारातच गुडघ्यांवर बसून तिने हात पसरले आणि गुंडी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. सिस्टरने डोळे मिटून घेतले. "ही अशी आली ना, की सकाळपासून उभी आहे हे मी विसरते बघ," ती म्हणाली. मग रिकामा पेला दिसला. "दूध संपवलं? काय जादू केलीस गं?"

"बोलावं लागतं मुलांशी," शेंडेफळ म्हणाली. स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकून तिचं तिलाच हसू येत होतं, पण ते तिने दाबलं.

चार दिवसांत गुंडी डोक्यावर मिऱ्या वाटायला लागली. दुधाला नाणं होतंच. मग आंघोळीला, मग जेवणाला. चपला घालायला एक नाणं दिलं तर तिने दुसरा पाय पुढे केला आणि त्याचं वेगळं मागितलं. मोजता येत नव्हतं, पण पाय दोन आहेत हे पक्कं ठाऊक होतं. एकदा तर शेंडेफळाने नुसतं विचारलं, "झोप आली का गं?" तर उत्तर द्यायच्या आधी हात पुढे. हे सगळं आईला सांगायचं नाही, असंही ठरलं होतं. न सांगण्याचंही नाणं होतं, ते वेगळं.

गुंडी आपली कमाई पावसाळी बुटात ठेवायची. उन्हाळ्यात त्या बुटाला कोण हात लावतंय? कपाटात खाली तो बूट दिवसेंदिवस जड होत चालला, आणि शेंडेफळाचा खिसा हलका. रोज दुपारी सिस्टर नोट द्यायची, ती घेऊन शेंडेफळ कोपऱ्यावरच्या दुकानात सुटे मागायला जायची.

"रोज एवढी चिल्लर कशाला गं?" दुकानदार म्हणाला. "बसमध्ये कंडक्टर झालीस की काय?"

कंडक्टरला संध्याकाळी काहीतरी उरतं तरी, तिच्या मनात आलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! उन्हाळ्यात पैसे कमवायचे उपाय शोधत होती ना? उपाय सापडला होता, फक्त तो गुंडीला सापडला होता. चार वर्षांची ती कामगार कमावत होती आणि तेरा वर्षांची मालकीण खंक झाली होती.

बाहेर मात्र तिचं नाव झालं होतं. सिस्टरने जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, दवाखान्यात सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू आपल्या हट्टी मुलाला घेऊन सल्ला विचारायला आल्या. "आरडाओरडा करायचा नाही, काकू," शेंडेफळाने सांगितलं. "मुलाला काय हवंय ते समजून घ्यायचं." काकूंनी मान डोलावली. दादासुद्धा गप्प झाला होता. आईने मात्र एकदा विचारलं, "पगाराचं काय करतेस गं?"

"साठतोय," ती म्हणाली. कुठे साठतोय ते बोलली नाही. साठत तर होताच, बुटात.

आता थांबायला हवं हे तिला कळत होतं. पण थांबलं की गुंडी दूध पिणार नाही, जेवणार नाही, सिस्टरला सत्य कळेल, नोकरी जाईल आणि आपण पुन्हा शेंडेफळ. त्यापेक्षा रोज आणखी एक नाणं देणं परवडत होतं.

मग ती दुपार आली. सिस्टरला यायला उशीर झाला होता. आली ती भिंतीला हात धरून. "आज वॉर्डात फार वाईट दिवस होता," एवढंच म्हणाली आणि रोजच्यासारखी दारात गुडघ्यांवर बसली. हात पसरले.

गुंडी धावली. अर्ध्या वाटेत थांबली. तिने आईच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःचा तळवा पुढे केला.

"आधी दे."

"काय देऊ राणी?"

"नाणं."

सिस्टर हसली. तिला खेळ वाटला. पर्स उघडून तिने चाचपून एक नाणं काढलं आणि त्या तळव्यावर ठेवलं. गुंडीने ते खिशात टाकलं आणि मग आईच्या गळ्यात पडली. नीट पडली, काही कसूर केली नाही. मग हात सोडवून मागे झाली आणि म्हणाली, "झालं."

सिस्टरचं हसू अर्ध्यावर राहिलं. "हे कुठून शिकली ही?"

"टीव्हीवर... काहीतरी बघितलं असेल," शेंडेफळ म्हणाली. नोट घेतली, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली.

एक मजला उतरली आणि पाय पुढे जाईनात. तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की कान तापले. दूध विकत घेतलं ते ठीक, आंघोळ विकत घेतली तेही एक वेळ ठीक. पण ती मिठी फुकट होती. त्या घरात दिवसभरात तेवढीच एक गोष्ट फुकट होती, आणि तिलाही आपण किंमत लावून आलो. वर टीव्हीचं नाव घेतलं! टीव्ही बिचारा बंद होता.

आता वर गेलं तर नोकरी संपली. घरी गेलं तर उद्या परत हेच. ती कठड्याला धरून उभी राहिली, मग वळली आणि धावतच वर गेली, कारण हळू गेली असती तर परत फिरली असती.

सिस्टर अजून कामाच्या कपड्यांतच खुर्चीत बसली होती. शेंडेफळाने एका दमात सगळं सांगितलं. मध्ये थांबली नाही, स्वतःची बाजू घेतली नाही, फक्त रडली थोडी. मग कपाटातून तो बूट काढून जमिनीवर उपडा केला. नाणी सतरंजीवर पसरली. गुंडी त्यांच्यावर आडवी झाली. "माझी आहेत," ती म्हणाली.

सिस्टर त्या ढिगाकडे बघत राहिली. "म्हणजे दूध?"

"हो."

"आणि आंघोळ, जेवण?"

"सगळं."

"मी वॉर्डात सगळ्यांना सांगत फिरतेय, आमच्याकडे एक मुलगी येते, तिच्या हाताला गुण आहे म्हणून!" सिस्टरचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "माझ्याकडे धावत यायची रोज. ते?"

"नाही सिस्टर! शप्पथ. ते तिचं तिचंच होतं. आजच पहिल्यांदा."

शेंडेफळाने हातातली नोट टेबलावर ठेवली. "मी उद्यापासून येत नाही," ती म्हणाली.

"वा गं वा!" सिस्टर उसळली. "घाण करायची तू आणि निस्तरायचं मी? पट्टी चिकटून बसली की काढताना दुखतं, पण काढावी लागते. आणि काढायची तू. माझ्या रजा नाहीत. उद्या सातला ये आणि खिसे रिकामे करून ये." दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाली, "ही नोट घेऊन जा. आज सांभाळलंस ना?"

त्या रात्री शेंडेफळाने ती नोट आईच्या हातावर ठेवली नाही. ठेवावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर बाहेर पडली आणि संप सुरू झाला. शेंडेफळाने दुधाचा पेला ठेवला. गुंडीने हात पुढे केला. शेंडेफळाने दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले.

"उद्या आण," गुंडी म्हणाली. उधारीला तिची हरकत नव्हती.

"उद्यापण नाही. आता कधीच नाही."

मग जो आवाज निघाला, तो चार वर्षांच्या अंगात मावतो यावर कोणाचा विश्वास बसला नसता. खालच्या काकू धावत आल्या, ज्यांना मुलांशी कसं वागायचं ते हिनेच शिकवलं होतं. "काय गं, समजून घेत नाहीयेस का तिला?" त्यांनी विचारलं. चांगला गालात मारल्यासारखा प्रश्न होता. "घेतेय, काकू," शेंडेफळ म्हणाली आणि दार लोटलं.

गुंडीने चपला फेकल्या, उशा फेकल्या, दूध सांडलं. शेंडेफळाने पुसलं. पुन्हा पेला भरला. ती ओरडली नाही, कारण ओरडायचं तोंड कुठे राहिलं होतं? घरी पळून जावं असं दर पाच मिनिटांनी वाटत होतं. आपल्याला वाढवताना घरातल्यांनी दर वेळी नाणं का काढलं असेल ते तिला त्या सकाळी नीट कळलं. ते फार सोपं होतं, म्हणून.

ऊन चढलं तशी गुंडी दमली. तोंड फिरवून बसली. मग कोणी बघत नाही असं बघून पेला ओढला आणि घटाघट दूध प्यायली. शेंडेफळ खिडकीतून बाहेरच बघत राहिली. वळून पाहायची फार इच्छा होती, पण वळली नाही. जेवणही तसंच झालं, दोघींनी एकमेकींकडे न बघता. मग घरात शांतता पसरली. गुंडी थोडा वेळ एकटीच बाहुलीशी बोलली, थोडा वेळ पलंगाच्या पायाभोवती गोल फिरली, आणि शेवटी कंटाळली.

कपाट उघडल्याचा आवाज आला. काल रात्रीच नाणी परत भरून ठेवलेल्या बुटात गुंडी कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होती. तिने एक नाणं काढलं, उलटसुलट करून पाहिलं, शेंडेफळाजवळ आली आणि ते तिच्या गुडघ्यावर ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "आता घोडा हो."

शेंडेफळाने त्या नाण्याकडे पाहिलं. सबंध उन्हाळा ती कमाईची वाट बघत होती, आणि ही बघा, कमाई चालत आली होती. पोरीचा चेहरा अगदी गंभीर होता. तिच्या मते माणसं अशीच खेळतात. आई या ताईला नोट देते म्हणून ही ताई रोज येते, एवढं तिने केव्हाच हेरलं होतं. शेंडेफळाला एकदम रडू आलं, पण रडत बसलं तर घोडा कोण होणार? तिने ते नाणं गुंडीच्या मुठीत परत ठेवलं आणि हात टेकून जमिनीवर ओणवी झाली.

"पैसे?" गुंडीने विचारलं.

"नकोत. फुकट."

"फुकट म्हणजे?"

शेंडेफळाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे... मला तुझ्याशी खेळायचंय म्हणून," ती म्हणाली.

गुंडीला ते पटलेलं दिसलं नाही. ती घोड्याभोवती एक चक्कर मारून आली, कुठे काही गोम आहे का ते पाहिलं. मग जपून पाठीवर चढली. घोडा चालला. खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून परत खोलीत. गुडघे सोलवटून निघाले. थांबली की वरून टाच बसायची. कितीतरी फेऱ्या झाल्या आणि तळवा एकदाही पुढे आला नाही.

बेल वाजली. सिस्टरकडे किल्ली असायची, तरी आज तिने बेल वाजवली होती. घोडा दारापर्यंत पोचायच्या आत किल्लीने दार उघडून ती आत आली, पण गुडघ्यांवर बसली नाही आणि हातही पसरले नाहीत. दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरून उभी राहिली. परीक्षेचा निकाल विचारायला आल्यासारखी ती शेंडेफळाकडे बघत होती. शेंडेफळाने ओणव्यानेच पाठीवरच्या गुंडीकडे मान वळवली.

गुंडी घोड्यावरून उतरली. धावली नाही. चालत चालत आईसमोर गेली, पर्सकडे एकदा पाहिलं, मग वर पाहिलं.

"आज फुकट आहे," तिने आईला सांगितलं आणि दोन्ही हात वर केले.

सिस्टरच्या हातून पर्स खाली पडली.